रॉयल मेलबर्नचा वेस्ट कोर्स
इंग्लंडचे अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी वैद्यकी सोडून गोल्फची मैदाने आखण्याचा व्यवसाय पत्करला आणि १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियात काही आठवडे राहून, स्थानिक खेळाडू अ‍ॅलेक्स रसेल यांच्या साथीने, मेलबर्नच्या वाळूपट्ट्यातील रॉयल मेलबर्न गोल्फ क्लबचा हा कोर्स आखला. तो १९३१ मध्ये खुला झाला, तेव्हा मॅकेन्झी कधीच परतले होते. मैदान घडवले ते माळी मिक मॉरकम यांनी, आणि माझ्या मते निम्मे श्रेय त्यांचेच. फेअरवे, म्हणजे चेंडू मारत पुढे जायचे कापलेल्या गवताचे पट्टे, इतके ऐसपैस आहेत की नवखा खूश होतो. मात्र पाचव्या होलवर चेंडू जरा आखूड पडला की ग्रीनच्या (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) उतारावरून घरंगळत पार खाली येतो. बंकरची, म्हणजे वाळूच्या खड्ड्याची, कातरलेली कड थेट ग्रीनला भिडते, मध्ये लांब गवताची पट्टीसुद्धा नाही.