बत्तीसची फोर्ड, माझं पोट आणि सतरा हजार डॉलर

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं कारण यात शोभा माझीच आहे, पण गेल्या महिन्यात आमच्या मंडळातल्या अजून एकाने अशीच एक जुनी गाडी नुसते फोटो बघून बुक करायला काढली आणि तोही माझ्यासारखाच भरल्या अंगाचा, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकतो.

आधी माझं माप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. उंची ६ फूट २ इंच, वजन ३०५ पाउंड म्हणजे १३८ किलो, बूट १३ नंबरचा. मूळचा कोल्हापूरचा, कॉलेजपर्यंत तालमीत होतो, नंतर तालीम सुटली आणि खुराक तेवढा राहिला. जुन्या गाड्यांचं वेड पण तिकडचंच, दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघायची ती बघायला बाबा खांद्यावर बसवून न्यायचे. आता वीस वर्षं डेट्रॉइटच्या बाजूला आहे, आणि पोटापाण्याचा धंदा काय, तर गाड्यांच्या सीट. हो, सीट. सीट ज्या रुळांवर पुढे-मागे सरकते ते ट्रॅक डिझाइन करणाऱ्या टीममध्ये आहे मी. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या.

इथे दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, ड्रीम क्रूझ म्हणतात, १९९५ पासून चालू आहे. लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून दिवसभर बसतात आणि समोरून गाड्या धडधडत जातात. मी दरवर्षी खुर्ची टाकून बसणाऱ्यातला. एकदा बाजूने १९३२ ची फोर्ड गेली, मडगार्ड काढलेली, काळी कुळकुळीत, सिग्नलला थांबली तर इंजिनच्या धकधकीने माझ्या हातातला कॉफीचा कप थरथरला. तिथेच डोक्यात किडा शिरला.

आमच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर हॉट रॉड बनवल्या, म्हणजे वेगासाठी कापून-बदलून काढलेल्या जुन्या गाड्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पोरा हा छंद तुझ्या अंगाचा नाही. कारण पण सांगितलं. कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराजसारख्या सुकलेल्या तळ्यांवर पोरं या गाड्या पळवायची, १९३७ मध्ये त्यांच्या शर्यतींची संघटना पण झाली, आणि युद्धावरून परत आलेल्या पोरांनी तर वेडच लावलं. वेग हवा म्हणजे गाडी हलकी आणि बुटकी हवी, म्हणून जे जे काढता येईल ते काढायचं. टप कापायचा, म्हणजे खिडक्यांच्या खांबांमधून तीन-चार इंचाचा तुकडा काढून छप्पर खाली आणायचं, याला चॉप म्हणतात. आणि दुसरं चॅनेल, म्हणजे अख्खी बॉडी चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) खाली सरकवायची, मग फ्लोअर आत वर येतो. चॉपमध्ये डोक्याची जागा जाते, चॅनेलमध्ये पायाची. आणि ही सगळी कापाकापी करणारी पोरं वीस-बावीस वर्षांची काटकुळी, त्यांना काय फरक पडणार होता. आजोबांचं म्हणणं, घ्यायचीच तर चाळीसच्या आसपासची गुबगुबीत मडगार्डवाली सेडान घे, नाहीतर ४९ ते ५१ ची मर्क्युरी घे, तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ११८ इंच आहे, बत्तीसच्या फोर्डचा १०६. आत सोफा आहे सोफा.

पण मला बत्तीसच हवी होती. फोर्डने व्ही-एट इंजिन स्वस्त गाडीत पहिल्यांदा घातलं ते त्याच साली, २२१ क्यूबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. आज ऐकायला काहीच वाटत नाही म्हणा. तर मधला मार्ग म्हणून ठरवलं की कूपे नाही, रोडस्टर (उघड्या टपाची) नाही, ट्यूडर सेडान घ्यायची. दोन दरवाजे, पण मागे सीट असते म्हणून पुढची सीट मागे ढकलायला जागा मिळते. कूपेमध्ये पाठीमागे लगेच भिंत. आणि टप न कापलेली बत्तीसची सेडान चांगली उंच असते. इथपर्यंत माझं डोकं बरोबर चालत होतं बरं का.

आता खरी गोष्ट. त्याच्या आधीच्या वर्षी एका स्वॅप मीटमध्ये (जुन्या गाड्या-पार्टच्या बाजारात) मी फोर्डच्याच एका मॉडेल ए कूपेत बसून बघायला गेलो होतो. बसलो, आणि निघता येईना. स्टेरिंग पोटात, गुडघा गिअरच्या दांड्यात, तिघांनी मिळून ओढून काढला मला आणि बाजूचा एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. बायको हसली नाही, ते जास्त लागलं. त्यानंतर मी चारचौघांत कुठल्याही जुन्या गाडीत बसून बघायचंच सोडून दिलं. लांबूनच बघायचो, फोटो मागवायचो. आणि फसवणाऱ्याला नेमकं हेच लागतं.

जाहिरात दोन राज्यं पलीकडच्या एका डीलरची होती, दुसऱ्यांच्या गाड्या कमिशनवर विकणारा. १९३२ ट्यूडर, ओरिजिनल हेन्री स्टील (म्हणजे फोर्डचा स्वतःचा जुना पत्रा, फायबर नाही), टप न कापलेला, चॅनेल नाही, साडेतीनशे क्यूबिक इंचाचं शेवरोले इंजिन, ऑटोमॅटिक, वर-खाली होणारं स्टेरिंग, आणि शेवटी एक ओळ, ‘आधीचा मालक ६ फूट ४, आरामात बसायचा’. किंमत ३८,५०० डॉलर. ती शेवटची ओळ माझ्यासाठीच लिहिली आहे असं वाटलं. लिहिलेली माझ्यासाठीच होती, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी.

फोन केला. गडी इतका गोड बोलला की काय सांगू. मी जरा चाचरतच विचारलं की मी थोडा जाड आहे तर, तो मधेच म्हणाला, अरे मी स्वतः ३२० पाउंड, मला काय सांगतोस, मी रोज चालवतो ही गाडी, लाजू नको बिनधास्त विचार. झालं. मला वाटलं आपल्यातला माणूस भेटला. तो खरंच ३२० चा होता का, कोण जाणे. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा कायम गाडीवर, हा एकदा पण समोर आला नाही. मी मापं मागितली, त्याने अर्ध्या तासात टेप लावून फोटो पाठवले. सीटपासून टपापर्यंत ३९ इंच. पाठीपासून स्टेरिंगपर्यंत १९ इंच. मी ऑफिसात बसून हिशोब केला, माझी बसलेली उंची ३८, सीट दबते ती धरून मस्त बसतंय. आजोबांना फोटो दाखवले तर ते म्हणाले की खिडक्या बारीक वाटतायत मला, टप कापलाय हा. डीलरला विचारलं तर म्हणाला मोबाइलची वाइड लेन्स आहे, त्यात सगळं चपटं दिसतं. मी आजोबांचं न ऐकता त्याचं ऐकलं. ज्याने आयुष्यात शंभर टप कापले त्याचं नाही, आणि ज्याला मी कधी बघितलं नाही त्याचं.

तिकडचा कोणीतरी मेकॅनिक पाठवून तपासून घेतो म्हटलं तर लगेच सूर बदलला, टेक्सासचा एक जण उद्या पैसे टाकतोय, तुझ्यासाठी आजच्या दिवस थांबवतो. तपासणीला तीन-चारशे डॉलर गेले असते. ते वाचवले मी. संध्याकाळी पूर्ण रक्कम वायर केली, वायर, म्हणजे बँकेतून सरळ ट्रान्सफर, क्रेडिट कार्ड असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. सोबत एक कागद सही करून पाठवला त्यात ‘ॲज इज’ म्हणजे आहे तशी घेतली असं छापलेलं. वाचलं होतं. सगळेच लिहितात म्हणून सोडून दिलं.

बंद ट्रेलरमधून गाडी आली, त्याचे १,४५० वेगळे. ड्रायव्हरने खाली उतरवली, काय दिसत होती राव, बायको पण दारात येऊन उभी राहिली, तिने ओवाळायला ताम्हन आणलं होतं. मी दार उघडलं आणि आत शिरलो. म्हणजे शिरायला गेलो. डोकं टपाला लागलं, मान वाकडी केली तर कान टपाला लागला, पोट स्टेरिंगला, आणि पाय ठेवला तर फ्लोअर एवढा वर की गुडघे स्टेरिंगच्या दोन बाजूंना बेडकासारखे. ब्रेक दाबायला गेलो तर १३ नंबरचा बूट ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीवर एकदम. कारण मधला गिअरबॉक्सचा फुगवटा एवढा मोठा की पेडल सगळे एकाला एक चिकटवून बसवलेले. ड्रायव्हरने बिचाऱ्याने तोंड फिरवलं आणि पट्टे गुंडाळायला लागला. बायको ताम्हन घेऊन आत गेली.

रात्री टेप घेऊन परत गॅरेजमध्ये गेलो. सीटपासून टप ३३ इंच. पाठीपासून स्टेरिंग १५. परत मोजलं, तेच. मग त्याने पाठवलेला टेपचा फोटो मोबाइलवर उघडून मोठा केला आणि कोपऱ्यात टेपच्या टोकाखाली जे तपकिरी दिसत होतं, मी आधी लेदर समजलो होतो, ते नीट बघितलं तर त्याला प्लायवुडच्या रेषा होत्या आणि एक वाकडी स्टेपलची पिन. मी सीटची गादी उचलली. खाली प्लायवूड, आणि त्यावर तीच वाकडी पिन. सहा इंचाची गादी काढून ठेवून लाकडापासून माप घेतलं होतं पठ्ठ्याने, पाठीचं पण तसंच, चार इंचाची पाठ काढून. टेप खरी, फोटो खरा, आकडा खरा. मी दिवसभर सीटची मापं काढणारा माणूस, आमच्याकडे माप कुठून घेतलं ते लिहिल्याशिवाय ड्रॉइंग पुढे जात नाही, आणि इथे ३८,५०० टाकताना ‘कुठून’ हे विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले, लोहचुंबक घेऊन. दारांना चिकटला. मागच्या पत्र्याला आणि खालच्या कडांना नुसता घसरत होता, आपल्याकडे गॅरेजवाले ज्याला लांबी म्हणतात ती पुट्टी बोटभर भरलेली. टप कापलेला होताच, साडेतीन इंच. बॉडी चार इंच चॅनेल केलेली. आणि चासी तर फोर्डची नव्हतीच, नवीन बनवलेली, तिच्यावर ठोकलेला नंबर नाही, नंबर होता तो एका पत्र्याच्या पट्टीवर रिव्हेट मारून लावलेला. बत्तीसच्या व्ही-एट फोर्डचा नंबर चासीच्या लोखंडावर ठोकलेला असतो आणि १८ ने सुरू होतो, हे आजोबांनी मला नंतर सांगितलं, मी आधी विचारायला पाहिजे होतं. कागदावर मात्र १९३२ फोर्ड. म्हणजे मिशिगनमध्ये ती जुनी गाडी म्हणून नाही तर जुळवून बनवलेली गाडी म्हणून नोंदवायची, पोलिसाकडून तपासून घ्यायची, त्यात काही महिने गेले ते वेगळेच आणि किंमत पडली ती वेगळी.

डीलरला फोन केला तर तोच गोड आवाज, ‘सर, ॲज इज’. माप कुठून घेतलं विचारलं तर म्हणाला तुम्ही सीटपासून म्हणालात, सीटचा बेस म्हणजे सीटच. तिसऱ्या फोननंतर उचलायचाच बंद झाला. वकिलाकडे गेलो, त्याने एक गोष्ट मात्र चांगली सांगितली, की जाहिरातीत ठासून लेखी लिहिलेलं खोटं निघालं तर नुसतं ॲज इज छापून सुटका होतेच असं नाही, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि मेसेज आहेत का. माझ्याकडे मेसेज होते, जाहिरात त्याने केव्हाच काढून टाकलेली आणि मी तिचा फोटो ठेवला नव्हता. ‘टप कापलेला नाही’ हे सगळं फोनवर आणि जाहिरातीत, मेसेजमध्ये फक्त टेपचे फोटो. केस त्याच्या राज्यात चालवायची, खर्च एवढा की जिंकूनही हातात काय राहणार. तिकडच्या ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे) तक्रार टाकलीय, तिची पोच आलीय, पुढे अजून काही नाही.

गाडी विकली. सगळं सांगून विकली, गादी उचलून, चुंबक लावून दाखवून. घेणारा ५ फूट ५ चा एक शिडशिडीत पोरगा, त्यात बसला तर असा फिट बसला की गाडी त्याच्यासाठीच शिवलीय. २३,००० मिळाले. सगळं धरून सतरा हजारांच्या वर गेले. या पैशात कोल्हापूरला आईच्या घराचं अख्खं काम झालं असतं असं बायकोने एकदाच म्हटलं, परत कधी नाही.

ज्यांना अशी गाडी घ्यायचीय आणि अंगाने माझ्यासारखे आहेत त्यांना एवढंच सांगतो की माप मागू नका, स्वतः जा. जाताना जो बूट घालून चालवणार तोच घाला. दार लावून बसा, दार उघडं ठेवून सगळेच मावतात. स्टेरिंग पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे फिरवा, मांडीला कुठे अडतं बघा. उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर दहा वेळा न्या. सीटबेल्ट तुमच्या पोटावरून लागतो का बघा आणि तो खाली कशाला बांधलाय ते पण बघा, माझ्या गाडीत प्लायवुडला स्क्रू मारून बांधला होता, विचार करा. वाकून खालून चासी आणि बॉडीचा जोड बघा. आणि निघता येत नसेल तर ओढून काढायला आपलाच माणूस सोबत घेऊन जा, शूटिंग करणारे करू देत.

परवा आजोबांबरोबर एका म्हाताऱ्याकडे गेलो होतो, अडीच तासावर, ५० ची मर्क्युरी आहे त्याच्याकडे. (कट्टर लोक म्हणतील ती हॉट रॉड नाही, लेड स्लेड आहे, म्हणजे वेगापेक्षा दिसण्यासाठी सजवायची जड गाडी, म्हणू देत.) टप न कापलेली, पुढे अखंड बाक. मी गेल्या गेल्या म्हटलं की आधी सीट उचलून दाखवाल का. तो बघतच राहिला, आजोबांनी त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, मग तो मोठ्याने हसला आणि दोघांनी मिळून गादी उचलली. खाली स्प्रिंगा होत्या, शेंगदाण्याची टरफलं, एक गंजलेली केसांची पिन आणि एक सेंट. सेंट त्याने मला दिला. मग मी आत बसलो, दार लावलं, आणि वीस मिनिटं बसूनच राहिलो.