ब्लेंडरमधली लवलवती ज्योत: नॉइज मॉडिफायर वापरून पाहिला

मी कुडाळला लग्नाचे आणि जत्रेचे व्हिडिओ एडिट करते. त्रिपुरारी पौर्णिमेसाठी गावच्या देवळाचं ४० सेकंदांचं टायटल करायचं होतं. काळोखात दीपमाळ उभी आहे, एकेक पणती लागत वर जाते आणि शेवटी देवीचं नाव उजळतं. हे काम ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, कारण ते पूर्ण फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. ज्योती लवलवत्या दाखवायला त्यातला नॉइज मॉडिफायर वापरला, म्हणजे एखाद्या आकड्यात आपोआप अनियमित चढउतार आणणारी सोय. हा रिव्ह्यू त्याचाच.

वापर सोपा आहे. पॉइंट लाइटच्या (एका बिंदूतून सगळीकडे पसरणाऱ्या दिव्याच्या) पॉवरवर एक कीफ्रेम, म्हणजे ठरावीक फ्रेमला ठरावीक किंमत, टाकायची, ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे त्या किमतीचा आलेख दिसतो तिथे, एन दाबायचं आणि मॉडिफायर्समधून नॉइज निवडायचा. स्केल वाढवला की चढउतार संथ होतो, स्ट्रेंग्थ वाढवली की मोठा होतो. मी दोन नॉइज एकावर एक लावले, एक स्केल ४० चा संथ, दुसरा ४ चा बारीक थरथरीसाठी. पॉवर २० वॅट ठेवली होती, तर संथ नॉइजची स्ट्रेंग्थ ८ आणि बारीकची ३ पुरली. लाइटचा रंग ब्लॅकबॉडी नोडमधून (तापमानावरून रंग देणाऱ्या सोयीतून) १९०० केल्विन घेतला, तेव्हा तेलाच्या दिव्याचा तांबूस पिवळेपणा आला.

पहिलं रेंडर, म्हणजे तयार झालेलं चलचित्र, आजीला दाखवलं. ती म्हणाली, ''हे दिवे न्हय गो, ही लायटिंगची माळ आसा.'' तिचं बरोबर होतं. मी एकच लाइट कॉपी करत गेले होते, त्यामुळे सगळ्यांचा फेज (नॉइज कुठून सुरू होतो तो आकडा) सारखा राहिला आणि साऱ्या पणत्या एका तालात कमीजास्त होत होत्या. ऑल्ट-डीने कॉपी केली तर लाइटचा डेटाच सामायिक राहतो, मग वेगळा फेज देताच येत नाही. शिफ्ट-डीने कॉपी करा आणि प्रत्येक लाइटच्या नॉइजचा फेज बदला. कंटाळवाणं आहे, पण मला याहून सोपा मार्ग सापडला नाही.

त्या रात्री देवघरातल्या समईसमोर मोबाइल स्लो मोशनवर लावून बसले. दार बंद असताना ज्योत जवळजवळ स्थिर असते. दार किलकिलं केलं की ती एका बाजूला झुकते, क्षणभर बारीक होते आणि मग सावकाश सरळ होते. भिंतीवरची सावली तिच्या उलट बाजूला सरकते. नुसती पॉवर कमीजास्त केली तर व्होल्टेज कमीजास्त होतंय असं वाटतं, दिवा वाटत नाही. म्हणून लाइटच्या एक्स लोकेशनलाही हलका नॉइज दिला. दगडी दीपमाळेवरच्या सावल्या डुलू लागल्या आणि चित्रात जीव आला.

वाऱ्याची झुळूक मात्र नॉइजकडून होत नाही, ती हातानेच द्यावी लागते. समुद्राकडच्या पणत्यांच्या पॉवरला खाली जाणाऱ्या कीफ्रेम दिल्या, पुढच्या पणत्यांना त्याच कीफ्रेम तीन-चार फ्रेम उशिरा. नॉइज त्याच कर्व्हवर बसतो, त्यामुळे थरथर प्रत्येकीची आपापली राहते आणि झुळूक सगळ्यांची एक. माझ्या मते या मॉडिफायरची खरी ताकद हीच.

खराब ट्यूबची उघडझाप हवी असेल तर इथे नॉइज सोडा. कॉन्स्टंट इंटरपोलेशनच्या कीफ्रेम टाका, म्हणजे किंमत हळूहळू न बदलता उजेड टप्प्याने उडी मारेल. आणि मोठ्या भागावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा प्रकाश लखलखवू नका. तशा उजेडाने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. जपानमध्ये १९९७ साली एका कार्टूनमधल्या लखलखाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. देवळासमोरच्या पडद्यावर तर पुढच्या रांगेत मुलंच बसतात.

रेंडर ईव्हीमध्ये केलं. ईव्ही आणि सायकल्स ही ब्लेंडरमधली चित्र तयार करणारी दोन इंजिनं. सायकल्समध्ये सॅम्पल (प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाश किती वेळा मोजायचा तो आकडा) कमी ठेवले की चित्रात दाणे दिसतात आणि नको तिथे लुकलुक होऊ शकते. सेकंदाला २५ फ्रेमने एकूण १००० फ्रेम झाल्या. थेट व्हिडिओ फाइल न काढता पीएनजी फ्रेम काढा, आमच्याकडे तर नक्कीच. पहाटे लाइट गेली आणि यूपीएसही बसला, तेव्हा ६४० फ्रेम फोल्डरमध्ये सुखरूप होत्या. आठ वाजता लाइट आली, ६४१ पासून पुढे लावलं.