पोर्टच्या नावाखाली नवी कोरी पॉलिसी: साठी उलटलेल्यांची फसवणूक कशी होते

फोन बहुतेकदा आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाच्या महिनाभर आधी येतो. बोलणाऱ्याला पॉलिसीचा नंबर, विम्याची रक्कम, वय सगळं ठाऊक असतं, म्हणून तो कंपनीचाच माणूस वाटतो. "काका, यंदा तुमचा हप्ता दुप्पट होतोय. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून देतो, जुने सगळे फायदे जसेच्या तसे राहतील." पहिली थाप इथेच असते. विमा नियामकाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. त्यामुळे असा फोन आला की जुन्या कंपनीकडून नूतनीकरणाची लेखी नोटीस मागवावी आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा.

पुढचं काम दहा मिनिटांत उरकलं जातं. फॉर्म एजंट स्वतःच्या मोबाइलवर भरतो. रक्तदाब, मधुमेह, आधीची शस्त्रक्रिया या प्रश्नांपुढे तो 'नाही' अशी खूण करतो. विचारलं तर म्हणतो, "गोळी सगळेच घेतात हो, लिहिलं तर उगाच मेडिकल लागेल." मग ओटीपी मागतो. तो ओटीपी म्हणजेच सही. न वाचलेल्या फॉर्मवर ती होऊन जाते. ईमेलच्या रकान्यात बऱ्याचदा एजंटचाच पत्ता असतो, त्यामुळे पॉलिसीची प्रत घरी पोहोचतच नाही. पहिल्या हप्त्यात स्वतःच्या कमिशनमधून सूट देतो म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे.

खरी फसवणूक मात्र कागदात असते. पोर्ट केलेल्या, म्हणजे जुने फायदे कायम ठेवून दुसऱ्या कंपनीत नेलेल्या पॉलिसीवर आधीच्या पॉलिसीचा नंबर आणि विमा पहिल्यांदा सुरू झाल्याची तारीख छापलेली असते. हे दोन रकाने कोरे असतील किंवा तिथे यंदाचीच तारीख असेल, तर पोर्ट झालेलंच नाही, नवी पॉलिसी विकली गेली आहे. समजा, जुनी पॉलिसी सलग नऊ वर्षं चालू होती. आधीपासूनच्या आजारांचा क्लेम मिळायला सुरुवातीला थांबावं लागतं, ती प्रतीक्षा कधीच संपलेली असते. शिवाय सलग ६० महिने पूर्ण झाले की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारू शकते. नव्या पॉलिसीत ही दोन्ही घड्याळं शून्यावर येतात. जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांनाही साधारण दोन वर्षांची वेगळी अट असते. हप्त्यात आठ हजार वाचवायच्या नादात नऊ वर्षांची कमाई जाते, याचं फार वाईट वाटतं.

हे उघडकीला येतं ते रुग्णालयात. डिस्चार्ज समरीत डॉक्टर सरळ लिहितात, 'रक्तदाब, १२ वर्षांपासून'. कंपनी फॉर्मवरचा 'नाही' काढून त्या ओळीशेजारी ठेवते. क्लेम नाकारला जातो, कधीकधी पॉलिसीही रद्द होते.

क्लेम मंजूर झाला तरी स्वस्त हप्त्याचं कारण बिलात दिसतं. समजा, विमा पाच लाखांचा आहे, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आणि २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा आहे. रुग्णाने ८,००० ची खोली घेतली, सहा दिवस राहिला. बिल झालं ३,२०,०००. त्यात खोली ४८,०००, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरे १,६०,००० आणि औषधं, तपासण्या, इम्प्लांट १,१२,०००. खोलीचे ३०,००० मिळतात. सर्जन, थिएटरच्या खर्चालाही त्याच प्रमाणात (८,००० मागे ५,०००) कात्री लागते, म्हणजे पाच-अष्टमांशच, १,००,००० मिळतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला ही कात्री लावता येत नाही, ते पूर्ण धरतात. बेरीज २,४२,०००. त्यातून को-पेचे ४८,४०० गेले की हातात १,९३,६०० राहतात आणि १,२६,४०० खिशातून जातात. म्हणजे ३,००० रुपये जास्त भाड्याच्या खोलीने सर्जनच्या बिलातलेही ६०,००० खाल्ले. दाखल होतानाच मर्यादेतली खोली मागावी. ती शिल्लक नसेल तर रुग्णालयाकडून तसं लिहून घ्यावं.

पॉलिसी हातात आली की त्याच आठवड्यात ग्राहक माहिती पत्रक, म्हणजे पॉलिसीचा थोडक्यात सारांश वाचा. कंपनीकडे ते मराठीत मागता येतं. पॉलिसीसोबत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे एजंटने भरलेल्या त्या अर्जाची प्रत असते, त्यातली आजारांची उत्तरं एकेक करून तपासा. चुकीचं काही दिसलं तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. पण त्याआधी जुनी पॉलिसी वाचवा. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात हप्ता भरला तर सलगता टिकते, मात्र मधल्या दिवसांतल्या आजारपणाला संरक्षण नसतं. आणि पोर्ट करायचंच असेल तर मुदत संपायच्या दीड महिना आधी अर्ज द्या. नव्या कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. हिशोबात १८ टक्के लावणारा माणूस खोटं बोलतोय. सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड मोफत आहे आणि त्यासाठी खासगी पॉलिसी बंद करावी लागत नाही. "कार्ड काढलंत, आता पॉलिसी सोडा" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत उलटून गेली असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. सोबत प्रपोजल फॉर्म, जुन्या पॉलिसीच्या प्रती आणि एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडा. 'पोर्ट करून देतो' हे शब्द त्या मेसेजमध्ये असतील तर तोच मोठा पुरावा, तो पुसू नका. तीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फी नाही, वकीलही लागत नाही. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत.