लगेच घरी, की आधी निवाऱ्यात?

पळून गेलेलं मूल सापडलं की पहिला विचार येतो तो घरी पोचवण्याचा. आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो, शाळा तुटत नाही. पण मूल मारहाणीमुळे किंवा लैंगिक छळामुळे पळालं असेल, तर आपण त्याला पुन्हा त्याच हातांत सोपवतो. मग ते परत पळतं, कदाचित आणखी लांब.

निवाऱ्यात, म्हणजे अशा मुलांना तात्पुरतं ठेवतात त्या जागी, थोडे दिवस मिळाले की मूल बोलू लागतं (पहिल्या दिवशी सांगितलेलं कारण क्वचितच पूर्ण असतं). तेवढ्यात समुपदेशक घरच्यांना भेटून कर्ज, दारू, भांडणं समजून घेऊ शकतो. धोका मुक्काम लांबण्याचा. मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दलची संयुक्त राष्ट्रांची २००९ची मार्गदर्शक तत्त्वंही कुटुंबापासूनचा दुरावा शक्य तितका थोडा ठेवायला सांगतात. माझा कौल निवाऱ्याला, पण घरच्यांसोबतचं काम पहिल्या दिवसापासून सुरू असेल तरच.