जयपूर फूट घ्यायचाय? मांडवातल्या शिबिरात नको, वर्कशॉपमध्ये जा

आधी मुद्द्याचं सांगते. घरात कुणाचा गुडघ्याखाली पाय गेला असेल आणि जयपूर फूट म्हणजे रबरी पावलाचा कृत्रिम पाय बसवायचा असेल तर एकदिवसीय शिबिराच्या नादी लागू नका, जिथे वर्षभर वर्कशॉप चालू असतं तिथेच जा. आमच्या अण्णांचा पाय शुगरमुळे गेला आणि आमचे दोन्ही प्रकार करून झालेत.

शिबिरात सगळं झकास असतं हो. बॅनर, नेत्यांसोबत फोटो, जेवणाची पाकिटं, आणि संध्याकाळी माणूस पाय लावून चालत घरी. ते खोटं नाही, गुडघ्याखालचा पाय खरंच एका दिवसात तयार होतो. पण ऑपरेशननंतर पहिले काही महिने सूज उतरत जाते, स्टंप म्हणजे कापल्यावर उरलेला पाय बारीक होतो आणि तोच सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा पोकळ भाग, ढिला पडायला लागतो. मग स्टंपवर एक मोजा जास्त घाला, मग दोन घाला, तरी पाय आत खालीवर होतो आणि हाडावर घासतो, आणि शुगरवाल्या माणसाला तिथे फोड आला तरी पटकन कळत नाही. तोपर्यंत मांडव उठलेला, पावतीवरचा नंबर कुणी उचलत नाही.

आता जातो ते एका ट्रस्टचं सेंटर आहे, जिल्ह्याच्या गावात. पत्र्याची शेड, पंखा खडखड करतो, पण काम एक नंबर. स्टंपवर ओलं प्लास्टरचं बँडेज गुंडाळून साचा काढतात, त्यात प्लास्टर ओतून हुबेहूब स्टंप बनवतात. मग टेक्निशियन दादा कानस घेऊन बसतात, गुडघ्याच्या वाटीखाली जिथे वजन घ्यायचं तिथे थोडं खरवडतात, जिथे हाड टोचतं तिथे प्लास्टर चढवतात. त्यावर भट्टीत मऊ केलेला एचडीपीई प्लास्टिकचा पाईप ओढतात, हो, पाण्याच्या लाईनला असतो तसलाच! अण्णांना थोडं चालवलं, पाय काढायला लावला आणि कातडीवर कुठे लाल झालंय ते बघितलं, परत घासलं, परत चालवलं. अण्णा संकोचाने "ठीक आहे, ठीक आहे" करत होते तर टेक्निशियन दादा म्हणाले, "काका, आज बोला, नाहीतर घरी जाऊन रडाल." आणि मुख्य म्हणजे सॉकेट ढिला झाल्यावर परत गेलो तर नवीन करून दिला, एक रुपया घेतला नाही.

पावलाबद्दल म्हणाल तर ते रबराचं असतं, 1968 च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी बनवलं. विलायती पद्धतीच्या पावलाचा घोटा कडक, वर बूट लागतोच. हे अनवाणी चालतं, चिखलात चालतं, उकिडवं बसता येतं. अण्णा पंगतीत मांडी घालून बसतात, तो पाय जरा पुढे राहतो एवढंच. देवळात चप्पल बाहेर, पाय आत, काही प्रॉब्लेम नाही.

वाईट बाजू पण आहे. वजनाला जड आहे, उन्हाळ्यात सॉकेटमध्ये घाम साचून वास मारतो, आणि शेतात वापरलं की काही वर्षांत रबराला चिरा पडतात. गुडघ्यावरून पाय गेला असेल तर गोष्टच वेगळी, तिथे गुडघ्याचा सांधा पण लागतो आणि शिकायला वेळ जातो, त्यावर मी बोलत नाही.

सेंटरवर राग एकाच गोष्टीचा. पाय नसलेल्या माणसांची जागा आणि दाराला तीन उंच पायऱ्या, रॅम्प नाही! टॉयलेट भारतीय, धरायला साधा दांडा नाही. चालायची प्रॅक्टिस घ्यायला दुपारनंतर कुणी नसतं, त्यामुळे सकाळीच पोचा. एवढ्यासाठी पाचातला एक स्टार कापला.

ट्रस्टवाल्यांनी आमच्याकडे आधार आणि फोटो एवढंच मागितलं. अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून घ्यायचा असेल तर किमान 40 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, ते आधीच काढून ठेवा. मुंबईकरांना हाजीअलीची सरकारी संस्था आहे, पुण्यात वानवडीला आर्टिफिशियल लिंब सेंटर, 1944 मध्ये सैनिकांसाठी सुरू झालेलं, पण साध्या नागरिकांनाही घेतात.

जाताना हाफ पँट किंवा सैल पायजमा, स्टंपचे जास्तीचे मोजे आणि जुना पाय असेल तर तो घेऊन जा. आणि चपलेचा पूर्ण जोड न्या, बरेच जण एकच घेऊन येतात.