डिस्चार्जनंतर कोकणात राहायचंय: कोट्यातली नोकरी, सिक्युरिटी की स्वतःचा धंदा?

लष्करात शिपाई किंवा नाईक म्हणून 17 वर्षं झाली, वय 36-37, घर राजापूर, देवगड नाहीतर श्रीवर्धनकडच्या एखाद्या वाडीत, मुलं प्राथमिक शाळेत. पेन्शन बसेल. कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग, आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हातात येईल आणि तिच्यातली बरीचशी चिऱ्याचं घर बांधण्यात जाईल. पुढची वीसेक वर्षं काय करायचं, हे मात्र ठरवायचं राहतं. सरकारने त्यासाठी बऱ्याच योजना काढल्या आहेत. त्यातल्या कोकणात बसून उपयोगी पडणाऱ्या मोजक्याच.

आधी बिनकामाच्या बाजूला काढू. दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीआरच्या यादीत मदर डेअरीचे बूथ आणि सफलची भाजीची दुकानं आहेत, ती राजधानीच्या परिसरात. कोळसा वाहतुकीची योजना खाणींच्या मुलखात. पेट्रोल पंपाच्या जाहिरातीत सैनिकांसाठी राखीव गट असतो खरा, पण रस्त्याला लागून जमीन लागते आणि भांडवलही दांडगं. शिवाय सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असणं ही कोकणात चैन आहे. आजोबांपासूनची वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-तीन वारस कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. ही अडचण पुढे धंद्याच्या वेळीही आडवी येणार आहे.

उरतात तीन मार्ग, आणि त्यात सगळ्यात मोलाचा कोट्याचा.

केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना 10 टक्के आणि गट ड मध्ये 20 टक्के जागा राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत हेच प्रमाण 14.5 आणि 24.5 टक्के आहे. त्यातले 4.5 टक्के अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या अवलंबितांसाठी. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये 15 टक्के. बरेच जण वयाचा आकडा बघूनच जाहिरात बाजूला ठेवतात, ते चूक आहे. केंद्राच्या हिशेबात आजच्या वयातून सेवेची वर्षं वजा करतात आणि येणारा आकडा पदाच्या वयोमर्यादेपेक्षा 3 वर्षांहून जास्त नसला की झालं. मर्यादा 27 ची असेल आणि तुमची सेवा 17 वर्षांची, तर 47 व्या वर्षीही 47 वजा 17 म्हणजे 30, चालतं. शिक्षणाचंही तसंच. मॅट्रिक आणि 15 वर्षं सेवा असेल तर ज्या गट क पदांना नुसती पदवी मागितली आहे, तांत्रिक पात्रता नाही, तिथे तुम्ही पदवीधरात धरले जाता. राज्याच्या जाहिरातींतही अशी सवलत दिसते, पण तिथे दर जाहिरातीची अट मुळातून वाचायची, मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबायचं नाही.

आता खरी मेख. हा लाभ एकदाच मिळतो. नियमित सरकारी नोकरीत रुजू झालात की केंद्राच्या नियमाने माजी सैनिकाचं आरक्षण संपलं, पुढे फक्त वयाची सवलत. म्हणून कोणी आधी गट ड ची मिळेल ती नोकरी धरतो आणि नंतर बँकेच्या क्लार्कची यादी लागली की डोक्याला हात लावतो. यावर 2014 पासून तोड आहे. पहिल्या नोकरीत रुजू होण्याआधी जिथे जिथे अर्ज केले असतील त्यांची तारीखवार यादी रुजू होतानाच लेखी द्यायची. त्या अर्जांपुरता कोटा शाबूत राहतो. हा एक कागद न दिल्याने पुढची चांगली नोकरी गेलेले लोक जिल्ह्याजिल्ह्यात भेटतील. कंत्राटी किंवा हंगामी काम, जिथून मालक कधीही काढू शकतो, ते मात्र यात मोजलं जात नाही. हे ध्यानात ठेवा, सिक्युरिटीच्या वेळी लागेल.

कोट्यातही कोकणात राहायचं असेल तर निवड करावी लागते. रेल्वे, टपाल, केंद्राची इतर खाती यांत बदली कुठेही होऊ शकते. बँकेचा क्लार्क राज्याबाहेर सहसा जात नाही, पण महाराष्ट्र मोठा आहे, गडचिरोलीही त्यातच. गावाजवळ ठेवणारी पदं म्हणजे तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जिल्हा परिषदेची गट क पदं, जिल्हा पोलीस. या आस्थापना जिल्ह्यापुरत्या असतात. माझं मत स्पष्ट आहे: घर सोडायचं नसेल तर अभ्यास याच परीक्षांचा करावा. फक्त एक इशारा. 17 वर्षं हिंदीत काढलेल्या माणसाला गणित-बुद्धिमत्ता जमते, अडतं ते मराठी व्याकरणात. प्रयोग, समास, शुद्धलेखन यांसाठी सहा महिने धरा. आणि हे समांतर आरक्षण आहे. जागा तुमच्या सामाजिक प्रवर्गात मोजली जाते आणि पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराकडे जाते. राखीव जागा असूनही हातची जाते ती अशी.

सिक्युरिटीचं काम सगळ्यात लवकर मिळतं. राज्याचं माजी सैनिक महामंडळ, मेस्को, सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांना गार्ड पुरवतं. डीजीआरने पॅनलवर घेतलेल्या, माजी सैनिकांनीच चालवलेल्या एजन्सीही असतात. त्यांचे दर केंद्राच्या किमान वेतनाला जोडलेले असल्याने महागाई भत्ता बदलला की तेही बदलतात. खासगी ठेकेदाराकडच्या पगारापेक्षा हे नक्कीच बरं, पीएफ तरी वेळेवर भरला जातो. पण काम आहे कुठे? लोटे, महाड, रोहा, तळोजा, जयगड, उरण. म्हणजे रायगडकरांना आणि उत्तर रत्नागिरीला संधी आहे. मालवण-वेंगुर्ल्यात राहणाऱ्याला एखादं सरकारी कार्यालय, वीज उपकेंद्र किंवा बँक, एवढंच. गनमनला जास्त पैसे मिळतात, पण बंदूक आणि परवाना स्वतःचा लागतो आणि नूतनीकरणाच्या फेऱ्याही स्वतःच मारायच्या. कंत्राट संपलं आणि दुसरी एजन्सी आली की पुन्हा पहिल्यापासून. एका मुलाखतीला गेलो असता 'सुभेदारसाहेब, बारा तास उभं राहायला जमेल ना?' असं विचारलं गेलं, तेव्हा काय उत्तर द्यावं सुचेना. तरी दोन वर्षांचा पूल म्हणून मी या कामाला नाही म्हणणार नाही. वर म्हटल्याप्रमाणे कंत्राटी असल्याने कोटा खर्च होत नाही, आणि रात्रपाळीत अभ्यासाला वेळ मिळतो.

वर्दीच हवी असेल तर डिफेन्स सिक्युरिटी कोर आहे, तिथे भरती माजी सैनिकांतूनच होते. त्याचं केंद्र केरळात कण्णूरला आणि पोस्टिंग देशात कुठेही. गावी राहायचं म्हणून बाहेर पडलेल्याला हा मार्ग नाही.

दापोलीला अजून लोक 'कॅम्प' म्हणतात. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथे येऊन राहिले आणि पुढे नोकरीसाठी साताऱ्याला गेले. पेन्शनीत भागत नाही आणि नोकरी घाटावर, हे दुखणं तेव्हापासूनचं.

म्हणूनच धंद्याचा विचार कोकणात इतर ठिकाणांपेक्षा जास्त करावा लागतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष गटात येतात. ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, शहरी भागात 25, आणि स्वतःचा हिस्सा फक्त 5 टक्के. उत्पादनाच्या प्रकल्पाला 50 लाखांची मर्यादा, सेवा उद्योगाला 20 लाखांची. समजा गावात 10 लाखांचं काजू प्रक्रिया युनिट टाकलं. तुमचे 50 हजार, बँकेचे साडेनऊ लाख. साडेतीन लाख अनुदान येतं, पण ते हातात मिळत नाही. बँकेत तुमच्या नावे 3 वर्षं अडकून राहतं, युनिट चालू दिसलं तरच कर्जात वळतं होतं. अर्ज खादी ग्रामोद्योग किंवा जिल्हा उद्योग केंद्रामार्फत ऑनलाइन जातो. नुसती आंब्याची बाग लावायला ही योजना नाही, लागवड तिच्यात बसत नाही. आंब्याचा पल्प, कोकम आगळ, काजूगर, असं काहीतरी प्रक्रियेचं हवं.

काजूत माणूस बुडतो तो मशीनमुळे नाही. बी निघते मार्च ते मे, आणि वर्षभर कारखाना चालवायचा तर त्या दोन-तीन महिन्यांतच रोखीने बी भरून ठेवावी लागते. उकडणं, फोडणं, वाळवणं, साल काढणं, मग गराच्या आकारानुसार 240, 320 अशी प्रतवारी. हे सगळं महिनाभरात शिकता येतं. पण गोदामात पडलेल्या बीच्या पैशाला व्याज चढतं आणि गराचा भाव गणपतीपर्यंत काय राहील ते बाजाराच्या हातात. म्हणून बँकेत जाताना मशिनरीच्या कर्जाबरोबर खेळतं भांडवल आधीच मागा. आणि घरात बायको, भाऊ, वहिनी यांपैकी कोणी रोज उभं राहणारं नसेल तर हा मार्ग सोडा. कामगारांच्या भरवशावर दुरून चालवलेली युनिटं बंद पडतात, हे वेंगुर्ला-सावंतवाडी भागात फिरलं की दिसतं.

आता माझा कौल. चाळिशीच्या आत असाल, दहावी-बारावीपर्यंतचं वाचलेलं आठवत असेल, तर पहिली दोन वर्षं कोट्याला द्या आणि चरितार्थाला मेस्को धरा. मेस्कोचं काम न मिळाल्यास एखादी डीजीआर एजन्सी. पंचेचाळिशी ओलांडली असेल, मुलं मोठी असतील आणि जमीन एकट्याच्या नावावर असेल, तर धंदा. जमीन सामाईक असेल तर आधी वाटप, मग बँक. उलट क्रमाने गेलात तर फाइल तिथेच पडून राहील. तरुण आहात आणि मुलांच्या शाळेसाठी पनवेल किंवा रत्नागिरीत राहणारच असाल, तर बँकेची परीक्षा तलाठ्याइतकीच चांगली.

यातलं पुष्कळसं डिस्चार्जच्या आधीच करण्याजोगं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. शेवटच्या वर्षात, लष्करातल्या आपल्या युनिटचं प्रमाणपत्र लावून, केंद्राच्या जाहिरातींना अर्ज करता येतो. डीजीआरचे निवृत्तीपूर्व कोर्स जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानांना फी न भरता मिळतात, त्यात नाव घालायचं ते रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राची वाट न बघता. घरी आल्यावर डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, घेऊन पहिल्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, कारण मागणी आली की तिथल्या यादीतूनच नावं जातात.

अग्निवीरांनी मात्र हे सगळं स्वतःला लावून घेऊ नये. 2022 च्या योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वरचा कोटा आपोआप लागू होत नाही. त्यांच्यासाठी निमलष्करी दलांत वेगळ्या जागा जाहीर झाल्या आहेत, आणि त्या वेगळ्या जाहिरातींतच शोधाव्या लागतील.