डग्ग्याला दाद, मींडेकडे काणाडोळा: प्रोजेक्टएमचा अनुभव

1997 मध्ये आलेल्या विनॅम्पवर ज्यांनी एमपीथ्री गाणी ऐकली, त्यांना 2001 चा मिल्कड्रॉप निश्चित आठवत असेल. रायन गाइस यांनी लिहिलेला हा पूरक प्रोग्राम वाजत्या गाण्याबरोबर पडद्यावर रंगांचे भोवरे फिरवीत असे, आणि घरी आलेल्या पाहुण्याला नवा संगणक दाखवायचा म्हणजे बहुधा हेच दाखवायचे, असा तो काळ होता. त्याची मूळ संहिता 2005 मध्ये खुली झाली. मिल्कड्रॉपची प्रीसेट (म्हणजे एकेका दृश्याची कृती सांगणाऱ्या छोट्या फाइली) वाचू शकणारा, पण ओपनजीएल या चित्रांकन-प्रणालीवर नव्याने लिहिलेला मुक्त-स्रोत प्रकल्प म्हणजे प्रोजेक्टएम, आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तसेच अँड्रॉइडवर चालतो.

मुलुंडमधील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला दरवर्षी ध्वनिमुद्रित गायन लावले जाते. यंदा त्याला दृश्यांची जोड द्यावी असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. नृत्यगृहातील ढणढणाटासाठी प्रसिद्ध असलेले हे तंत्र विलंबित ख्यालापुढे कसे वागते, हे मला पाहायचेच होते, म्हणून मी आधीचे दोन आठवडे घरी ते निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांवर चालवून पाहिले.

त्याची करामत समजली की पुढचे सगळे उलगडते. प्रत्येक क्षणी प्रोग्राम आवाजाचा एक छोटा तुकडा घेतो, त्यातील कंपनसंख्या वेगळ्या करतो आणि खालचा, मधला व वरचा अशा तीन पट्ट्यांचे तीन आकडे प्रीसेटच्या हाती देतो. हे आकडे आवाजाची निव्वळ पातळी सांगत नाहीत, तर मागच्या काही काळाच्या सरासरीशी तुलना करतात; 1 म्हणजे नेहमीसारखे, 0.7 च्या खाली म्हणजे शांत आणि 1.3 च्या वर म्हणजे जोरकस. मग आधीचे चित्र किंचित ताणून, फिरवून, मंद करून त्यावरच नवी ध्वनिरेषा, म्हणजे आवाजाच्या लहरीची रेषा, काढली जाते आणि या पुनरावृत्तीतून ते धुरासारखे वळसे तयार होतात.

आता तंबोरा लावून पाहा. अखंड झंकार हाच तंबोऱ्याचा धर्म असल्यामुळे सरासरी त्याच्याशी जुळते, तिन्ही आकडे 1 च्या आसपास स्थिरावतात आणि श्रोत्याचा कान ज्याच्या आधारावर उभा असतो ते स्वरपीठ प्रोग्रामच्या लेखी जवळजवळ शून्य ठरते. आलापात पडदा संथ लहरतो आणि ते शोभूनही दिसते. परंतु गायकाने निषादावरून षड्जावर मींड घेतली, म्हणजे तो न तुटता सरकत गेला, तर बहुतेक प्रीसेटना त्याचा पत्ता लागत नाही, कारण स्वर सरकला तरी तो कंपनसंख्येच्या त्याच पट्ट्यात राहतो. ध्वनिरेषेचा आकार बदलतो खरा, पण तो ओळखायला फार जवळून पाहावे लागते. याउलट दीर्घ आलापानंतर ठेका सुरू झाला की डग्ग्याच्या पहिल्याच घुमाऱ्याला खालचा आकडा एकदम उसळतो, संपूर्ण चित्र श्वास घेतल्यासारखे फुगते, आणि समेवर तर नकळत मान डोलते. तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा आघात, वरच्या पट्ट्यात उमटते, त्यामुळे काही प्रीसेटमध्ये डग्गा आणि तबला डोळ्यांनी वेगळे करता येतात. तालाची जाण नसलेल्या माझ्या भाच्याला ‘धा’ आणि ‘ना’ यांतील फरक मी याच्याच मदतीने दाखवला. ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण मात्र वाया गेले. तिथे सगळेच सतत जोरात असते, त्यामुळे सरासरीही तितकीच वर चढते आणि उसळायला जागाच उरत नाही.

संगणकाचा आवाज प्रोग्रामपर्यंत पोहोचवणे विंडोजवर सोपे आहे, कारण बाहेर जाणारा आवाजच परत पकडण्याची सोय त्या प्रणालीत आहे. लिनक्सवर ‘मॉनिटर’ नावाचा स्रोत निवडावा लागतो, तर मॅकवर ब्लॅकहोलसारखे आभासी ध्वनियंत्र बसवण्याचा मार्ग बरेच जण घेतात. मायक्रोफोनवरून आवाज घेणेही शक्य आहे, पण मुंबईत मायक्रोफोन उघडा ठेवला की गाण्याआधी रिक्षांचे हॉर्न नाचू लागतात.

ब्लूटूथ स्पीकर मात्र कटाक्षाने टाळावा. आवाज स्पीकरपर्यंत जायला सहज सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागतो, आणि प्रोग्राम तो निघण्याआधीच पकडत असल्याने चित्र पुढे, आवाज मागे अशी स्थिती होते. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते. म्हणजे पडद्यावरची सम जवळपास अर्धी ते पाऊण मात्रा आधी येते. लॅमिंग्टन रोडवरून साधी तार आणली आणि हा प्रश्न मिटला.

कोजागिरीच्या रात्री पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत हाच आमचा पडदा होता. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना प्रोजेक्टर लावण्यातील विसंगती आधी कोणाच्याही लक्षात आली नव्हती! फिकट जांभळी, राखाडी प्रीसेट पूर्णपणे विरून गेली आणि गडद पार्श्वभूमीवर ठळक रेषा काढणारी तेवढी टिकली. रात्री 10 वाजता नियमानुसार ध्वनिक्षेपक बंद करून आम्ही लॅपटॉपच्याच बारीक आवाजावर आलो, तरी दृश्ये तितक्याच जोमाने चालू राहिली, कारण त्यांना डिजिटल आवाज आतूनच मिळत होता. मसाला दूध पीत बसलेल्या मंडळींना ते काहीसे गूढ वाटले असावे.

प्रीसेटची संख्या हे या प्रोग्रामचे बळ आहे आणि डोकेदुखीही. जगभरच्या हौशी लोकांनी ती हजारोंनी लिहिली आहेत, पण यादृच्छिक निवड चालू ठेवली तर मारव्यासारख्या गंभीर रागावर निऑन रंगांचा स्फोट कधी होईल याचा नेम नसतो. काही प्रीसेट झपाट्याने लुकलुकतात. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारे मोठे लखलखाट प्रकाशामुळे झटके येणाऱ्यांना घातक ठरू शकतात, तेव्हा लहान मुले असलेल्या ठिकाणी यादी स्वतः पाहून निवडावी. मी दोन संध्याकाळी घालवून जेमतेम 30 प्रीसेट बाजूला काढली.

प्रीसेट ही साधी मजकुराची फाइल असते, ती नोटपॅडमध्येही उघडते आणि आतली समीकरणे बदलता येतात. एका प्रीसेटमध्ये मी खालच्या पट्ट्याच्या ताज्या आकड्याऐवजी त्याचे संथ केलेले रूप घातले आणि चित्र फुगण्याचे प्रमाण निम्मे केले. त्यानंतर विलंबित एकताल त्यावर इतका शांतपणे उतरला की मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारले, “अरे, बंद पडलं का?”